चित्रकथेचे हास्य आणि चित्रपटाचे हास्य : 'ॲस्टेरिक्स आणि क्लिओपात्रा'च्या निमित्ताने

एका माध्यमातील कलाकृती दुसऱ्या माध्यमात नेली गेली की तिची परीक्षा करताना आपली समीक्षा बहुधा एकच प्रश्न विचारते : रूपांतर मूळाशी किती इमान राखते? हा प्रश्न गैर नव्हे. परंतु 'मूळ' म्हणजे नेमके काय, हे ठरविल्यावाचून त्याला अर्थ येत नाही. घटनांचा क्रम हे मूळ, की पात्रांचे संवाद, की त्या कृतीने रसिकाच्या ठिकाणी जागविलेली वृत्ती? या दृष्टीने रेने गोसिनी आणि आल्बेर युदेर्झो यांचा 'ॲस्टेरिक्स आणि क्लिओपात्रा' (१९६८) हा व्यंगचित्रपट अभ्यसनीय आहे. आबालवृद्धांनी एकत्र बसून पाहावा असा साहसपट म्हणून त्याची ख्याती आहे. तेवढ्याने तो समीक्षेच्या कक्षेबाहेर पडतो असे मात्र नाही.

मूळ चित्रकथा १९६३-६४ मध्ये 'पिलोत' या फ्रेंच साप्ताहिकातून क्रमशः आली व १९६५ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. तिचे कथानक सर्वपरिचित आहे. इजिप्शियन लोक आता केवळ गुलामीच्या लायकीचे उरले आहेत, असे सीझर म्हणतो. संतापलेली क्लिओपात्रा तीन महिन्यांत अलेक्झांड्रिया येथे त्याच्यासाठी भव्य प्रासाद उभारून दाखविण्याची पैज घेते. हे काम न्युमेरोबिस या बेताच्याच वास्तुशिल्पीवर येऊन पडते. यश आले तर सोने, अपयश आले तर मगरी! तो गॉलमधील आपला जुना मित्र पानोरामिक्स याच्याकडे धाव घेतो. इंग्रजी अनुवादाच्या भारतीय वाचकांना हाच पानोरामिक्स 'गेटाफिक्स' म्हणून ठाऊक आहे. त्याचे बलवर्धक पेय, ॲस्टेरिक्सची हुशारी आणि ओबेलिक्सचे बाहुबल यांच्या साह्याने, आमोनबोफिस या मत्सरी प्रतिस्पर्ध्याच्या कारवायांवर मात करून, प्रासाद पुरा होतो.

या चित्रकथेचा एक विशेष ध्यानात घेतला पाहिजे. ती स्वतःच चित्रपटाचे विडंबन आहे. १९६३ मध्ये जोसेफ मॅन्कीविझ यांचा 'क्लिओपात्रा' हा अवाढव्य खर्चाचा हॉलिवुडपट प्रदर्शित झाला. त्याच्या जाहिरातींतील आकड्यांची मिरवणूक लेखकद्वयाने आपल्या मुखपृष्ठावर आणली. या महान साहसासाठी १४ लिटर शाई, ३८ किलो कागद आणि ६७ लिटर बिअर खर्ची पडल्याचे तेथे भारदस्तपणे नोंदविले आहे. कागदावरची चित्रकथा पडद्याच्या भव्यतेची नक्कल करते, या विसंगतीतच त्या विनोदाचे मर्म आहे. आता हीच चित्रकथा पडद्यावर आणली की ती विसंगती आपोआप लोपते. म्हणजे मूळाची अक्षरशः प्रतिकृती केली तर मूळातील एक महत्त्वाचा हास्यहेतू नष्ट होतो. रूपांतरकारापुढील खरी अडचण ही होती.

अक्षरशः प्रतिकृतीचा प्रयोग त्यापूर्वी होऊन चुकला होता. ब्रुसेल्स येथील बेलव्हिजन या संस्थेने १९६७ मध्ये पहिला ॲस्टेरिक्सपट तयार केला, तो मूळ निर्मात्यांना विश्वासात न घेता. घटना त्याच, क्रमही जवळजवळ तोच. तरीही ती कृती गोसिनी व युदेर्झो यांना समाधान देऊ शकली नाही, आणि त्याच मालिकेतील पुढचा नियोजित चित्रपट त्यांच्या विरोधामुळे सोडून द्यावा लागला. 'ॲस्टेरिक्स आणि क्लिओपात्रा'चे दिग्दर्शन मात्र, त्याच संस्थेत, त्यांनी स्वतः हाती घेतले. आणि लक्षणीय गोष्ट अशी की, मूळापासून दूर जाण्याचे धैर्य परक्यांनी दाखविले नव्हते, ते मूळ लेखकांनीच दाखविले.

हा फरक का पडला, हे समजण्यास भरताने सांगितलेले हास्याचे भेद उपयोगी पडतात. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित व अतिहसित असे सहा भेद भरताने केले आणि उत्तम, मध्यम व अधम या प्रकृतींना ते दोन-दोन वाटून दिले. ही वाटणी पात्रांच्या प्रकृतीची आहे; येथे ती बाजूला ठेवून केवळ हास्याची मात्रा एवढ्याच अर्थाने हे भेद रसिकाकडे लावले आहेत. चित्रकथेचा वाचक एकटा असतो आणि वेळेचा स्वामी असतो. एका चौकटीवर तो हवा तितका थांबतो, मागे जातो, कोपऱ्यातील बारीक चित्र न्याहाळतो. त्याचे हास्य प्रायः स्मित-हसिताच्या मर्यादेत राहते. प्रेक्षागृहात काळाची सत्ता चित्रपटाकडे जाते; हास्य सामुदायिक होते, सशब्द होते आणि विहसिताकडे झुकते.

एक उदाहरण घेऊ. न्युमेरोबिस मित्राला भेटताच बारा अक्षरावयवांच्या एका ओळीत त्याचे स्वागत करतो आणि पानोरामिक्स हा अलेक्झांड्रिन असल्याचे सांगतो. अलेक्झांड्रियाचा रहिवासी आणि फ्रेंच अभिजात नाटकाचे ते प्रसिद्ध वृत्त, असा हा श्लेष आहे. कानावर शार्दूलविक्रीडित पडताच मराठी रसिकाला गण मोजावे लागत नाहीत, तसे रासीनवर पोसलेल्या फ्रेंच कानाला येथेही मोजावे लागत नसेल. परंतु इतरांना मात्र पुस्तकाचे पान मागे उलटण्याची सोय हवी असते. स्फिंक्सच्या नाकाचा प्रसंगही असाच आहे. ओबेलिक्सच्या वजनाने ते तुटते आणि लगेच खालचे विक्रेते आपल्याजवळील लहान मूर्तींची नाके छिन्नीने उडवू लागतात. दोन चौकटींमधील कोऱ्या जागेत वाचकाने स्वतः जोडलेला कार्यकारणभाव हा त्या विनोदाचा प्राण आहे. सलग गतीत ती जागाच उरत नाही.

मग चित्रपटाने भरपाई कशी केली? गाण्यांनी. क्लिओपात्राच्या स्नानाचे गाणे, आमोनबोफिस व त्याचा साथीदार यांचे विषारी केक रांधण्याचे गाणे आणि ओबेलिक्सच्या क्षुधेचे गाणे, या तिन्हींना चित्रकथेत आधार नाही. जेरार कॅल्वी यांच्या संगीतावर ही गाणी उभी आहेत. वरवर पाहता हा कथेला पडलेला अडथळा वाटेल. वस्तुतः येथेच विडंबनाला नवे लक्ष्य मिळाले आहे. कागदाने पडद्याची थट्टा केली होती. पडद्याने संगीतिकेची थट्टा केली. केकच्या गाण्यात दोन दुष्ट आनंदाने, पाककृती सांगावी तशा थाटात, विष कालवितात. कृत्य भयानक आणि सूर प्रसन्न, ही विसंगती केवळ काळ व नाद असलेल्या माध्यमातच शक्य आहे. कथानक तेथे थांबते, पण हास्य थांबत नाही.

तथापि या यशाची किंमतही नोंदविली पाहिजे. पैज इजिप्तच्या कर्तृत्वाची, परंतु ती जिंकली जाते गॉलच्या पेयाने. मजुरांची मागणी चाबूक नाहीसा करण्याची नव्हे, फटके कमी करण्याची. चित्रकथा हे काटे तसेच ठेवते आणि सावकाश वाचणाऱ्याला ते टोचतात. चित्रपटाच्या प्रसन्न ओघात त्यांची टोके बोथट होतात. स्नानाच्या गाण्यानंतर राणीचा कोपही राजकीय कमी आणि लाडिक अधिक भासतो. सामुदायिक विहसित मिळविताना एकांतातील स्मिताला चिकटलेली विचारशीलता काही अंशी गमवावी लागते.

सारांश, रूपांतराचे इमान घटनांशी किंवा शब्दांशी मोजता येत नाही. मूळ कृतीचा आपल्या माध्यमाशी जो संबंध होता, तो रूपांतराने आपल्या माध्यमाशी नव्याने जोडला की नाही, यावर ते मोजले पाहिजे. या कसोटीवर १९६७ चा चित्रपट अनुकरण ठरतो आणि १९६८ चा चित्रपट, त्यातील उणिवांसह, निर्मिती ठरते. कादंबरीवरून नाटक आणि नाटकावरून चित्रपट यांच्या आपल्या अभ्यासातही ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे.