ऐकून घेण्याचे शास्त्र

औद्योगिक-संघटनात्मक मानसशास्त्र हे नाव लांबलचक आहे, आणि आपल्याकडे ते उच्चारणारा माणूस बहुधा परीक्षेला बसलेला विद्यार्थी असतो. पण या शास्त्राने घडवलेल्या वस्तू आपल्या रोजच्या ओळखीच्या आहेत. नोकरीच्या अर्जाबरोबर सोडवावी लागणारी चाचणी, वर्षाअखेरचे मूल्यमापन आणि त्यातली पाचपैकी तीनची श्रेणी, 'आपली उत्तरे गोपनीय राहतील' असे आश्वासन देणारी समाधानाची प्रश्नावली, या सगळ्यांमागे शतकाहून जुनी एक ज्ञानशाखा आणि एक व्यवसाय उभा आहे. कामाला माणूस कसा निवडावा, त्याला कसे शिकवावे, त्याचे काम कसे मोजावे, त्याला कामात गोडी का वाटते किंवा का वाटत नाही, माणसांचे गट आणि त्यांचे पुढारी संस्थेला कसे घडवतात, हा तिचा पसारा. पहिले तीन प्रश्न 'औद्योगिक' बाजूचे आणि उरलेले 'संघटनात्मक' बाजूचे अशी वाटणी वर्गात शिकवली जाते. ती फार मनावर घेण्याचे कारण नाही.

पाठ्यपुस्तके या शाखेची ओळख करून देतात ती चढत्या आलेखासारखी: आधी अंधार, मग प्रयोग, मग प्रकाश. तिचे मूळ ग्रंथ मात्र कथा-कादंबरीच्या वाचकाने वाचावेत तसे वाचून पाहण्याजोगे आहेत. निवेदक कोण आहे, तो कोणाला उद्देशून बोलतो आहे, आणि ज्याच्याविषयी बोलतो त्याला तो कितपत बोलू देतो, हे प्रश्न विचारले की आलेखाखालची जमीन दिसू लागते.

सुरुवात ह्यूगो म्युन्स्टरबर्गपासून करावी लागते. डान्झिगमध्ये जन्मलेला आणि लाइपझिगला वुंटच्या हाताखाली शिकलेला हा जर्मन विद्वान १८९२ साली विल्यम जेम्सच्या बोलावण्यावरून हार्वर्डला आला. उद्योग आणि मानसशास्त्र यांच्यावरचे त्याचे पुस्तक १९१२ साली जर्मनमध्ये आणि १९१३ साली इंग्रजीत निघाले. त्याचे तीन भाग आहेत: कामासाठी उत्तम माणूस कसा शोधावा, त्याच्याकडून उत्तम काम कसे व्हावे आणि गिऱ्हाइकाच्या मनावर उत्तम परिणाम कसा साधावा. बॉस्टनच्या विजेच्या ट्रामचे चालक आणि टेलिफोन केंद्रातल्या मुली यांच्यासाठी त्याने चाचण्या बसवल्या. टेलिफोनवाल्यांचा त्याच्यावर फारसा भरवसा नसावा. त्यांनी नव्या मुलींमध्ये काही मुरलेल्या कामकरणी गुपचूप मिसळून पाठवल्या, आणि म्युन्स्टरबर्गच्या यादीत त्या वरच्या क्रमांकांवर आल्या. ही हकिगत तो स्वतःच खुशीत सांगतो, आणि त्याला तो हक्क होता.

पण याच पुस्तकात साधन आणि साध्य यांच्याविषयी एक प्रकरण आहे. म्युन्स्टरबर्ग तिथे स्पष्ट सांगतो की हे शास्त्र उद्योगाच्या हेतूंसाठी मार्ग दाखवील. ते हेतू योग्य आहेत की नाहीत, ही चिंता मानसशास्त्रज्ञाने वाहायची नाही. एखाद्या शास्त्राने जन्मतःच आपल्या पत्रिकेत इतक्या उघडपणे असे कलम लिहून घेतल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. आपण तटस्थ आहोत असे त्याला यातून म्हणायचे आहे. पण हेतू ठरवण्याची जागा मोकळी सोडली की ती रिकामी राहत नाही; ज्याने शुल्क दिले तो तिथे येऊन बसतो. पुस्तकभर 'आपण' कोणाला म्हटले आहे ते पाहावे. ट्रामचा चालक त्या 'आपण'मध्ये कुठेच नाही.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे सतरा लाख सैनिकांना बुद्धिमापनाच्या चाचण्या दिल्या, साक्षरांना एक आणि निरक्षरांना दुसरी. वॉल्टर डिल स्कॉटच्या समितीने कोणाला कुठल्या कामावर धाडायचे याची पद्धत बसवली. युद्ध संपल्यावर, १९१९ साली, स्कॉटने सल्लागार कंपनी काढली आणि शाखेचा व्यवसाय झाला. हा भाग भराभर उरकता येतो, कारण त्यात युक्तिवाद थोडा आणि कागद फार.

युक्तिवाद आहे तो हॉथॉर्नमध्ये. शिकागोच्या वेशीवर सिसेरो गावात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हा कारखाना टेलिफोनची यंत्रसामग्री बनवी. १९२४ साली तिथे उजेडाचा उत्पादनाशी संबंध शोधण्याचे प्रयोग सुरू झाले आणि त्यातून काही निश्चित हाती लागले नाही. १९२७ साली रिले जोडणाऱ्या पाच मुलींना, त्यांना सुटे भाग लावून देणाऱ्या एका सहावीसह, वेगळ्या खोलीत बसवले. सुमारे पस्तीस बारीक भागांचा एक रिले, जोडायला मिनिटभर लागणारा. त्यांना मधल्या सुट्या दिल्या, खाणे दिले, कामाचे तास कमी केले, मग सवलती काढूनही घेतल्या. दोन-अडीच वर्षांत उत्पादन सुमारे तीस टक्क्यांनी चढले. यातून जी दंतकथा बनली ती व्यवस्थापनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते: आपल्याकडे कोणी लक्ष देते आहे एवढ्यानेच माणसे जास्त काम करतात, पैसा दुय्यम, आपुलकी मुख्य.

दंतकथेत न बसणाऱ्या गोष्टी रोथलिसबर्गर आणि डिक्सन यांच्या १९३९ सालच्या ग्रंथातच नोंदलेल्या आहेत. लेखकांनी त्या लपवल्या नाहीत. खोलीत आल्याबरोबर मुलींची मजुरी मोठ्या खात्याच्या हिशेबातून काढून त्यांच्यापुरत्या छोट्या गटाच्या उत्पादनाशी जोडली होती, म्हणजे हात चालवला तर पैसा सरळ दिसत होता. फार बोलतात, ऐकत नाहीत म्हणून पाचांपैकी दोघींना १९२८च्या जानेवारीत परत पाठवून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या. दुसऱ्या एका गटात फक्त मजुरीची पद्धत बदलली, तर उत्पादन लगेच वाढले आणि जुनी पद्धत परत आणल्यावर उतरले. अ‍ॅलेक्स कॅरी या अभ्यासकाने १९६७ साली हे सगळे एकत्र मांडून दाखवले की पुराव्यांचा कल दंतकथेच्या नेमक्या उलट दिशेला जातो. तरीही दंतकथा टिकली. मालकाला ती स्वस्तात पडते, हे तिच्या दीर्घायुष्याचे एक कारण असावे.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो मुलाखतींचा भाग. १९२८ ते १९३० या काळात हॉथॉर्नमध्ये वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. आधी ठरावीक प्रश्न होते. मग कामगाराला हवे ते बोलू द्यायचे, मध्ये तोडायचे नाही, उपदेश करायचा नाही, असे ठरले आणि अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. कारखान्याच्या इतिहासात इतक्या माणसांना इतका वेळ क्वचितच कोणी ऐकले असेल. या ऐकण्याची थोरवी कमी लेखू नये.

प्रश्न आहे तो ऐकलेल्याच्या वाचनाचा. ग्रंथात एक कामगार येतो. आपल्या कामाचा दर कमी आहे अशी त्याची तक्रार. बोलता बोलता कळते की बायको इस्पितळात आहे आणि डॉक्टरांच्या बिलाचा घोर त्याला लागला आहे. लेखक सांगतात, तक्रारीचा उघड आशय दराचा आहे, पण सुप्त आशय बायकोच्या आजारपणाचा आहे. उघड आणि सुप्त ही जोडी मनोविश्लेषणातून उचललेली. ऑस्ट्रेलियातून आलेला आणि हार्वर्डमधून या प्रयोगांचा प्रवक्ता झालेला एल्टन मेयो कामगाराच्या असंतोषाकडे पाही तो असाच, मनाच्या बिघाडाचे लक्षण म्हणून.

साहित्याचे वाचक म्हणून अशा वाचनाची आपल्याला सवय आहे. आपणही ओळींमागचे शोधतो. पण आपण ते शोधतो तेव्हा ओळ खोटी ठरत नाही, तिचे वजन वाढते. इथे सुप्त आशय सापडला की उघड आशय रद्द होतो. दर कमी आहे की नाही, हे तपासण्याची गरजच उरत नाही. वास्तविक दर आणि बिल या एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत, हे कुठल्याही चाळीतल्या बाईने पहिल्या दमात सांगितले असते. बिल भागत नाही म्हणून दर कमी आहे. हार्वर्डच्या विद्वानांना हे दिसू नये यात त्यांच्या बुद्धीचा दोष नाही. प्रश्न विचारणाऱ्याची खुर्ची ज्या ठिकाणी मांडली होती, तिथून ते दिसत नव्हते.

तारा जोडणाऱ्या चौदा पुरुषांच्या खोलीत हेच अधिक ठळक होते. १९३१च्या नोव्हेंबरपासून त्यांचे निरीक्षण झाले. दिवसाचे पुरेसे काम किती, हे त्यांनी आपसांत ठरवले होते आणि त्यापुढे जाणाऱ्याच्या दंडावर ठोसा बसे. कमी काम करणारा, जास्त काम करणारा आणि चुगलखोर, तिघेही त्यांच्या लेखी सारखेच गुन्हेगार. हे वर्णन आजही वाचावे असे आहे. काही पाने तर एखाद्या चांगल्या कथेच्या टिपणवहीसारखी वाटतात. पण निष्कर्ष असा की उत्पादन रोखण्यामागे आर्थिक तर्क नव्हता, ती गटाच्या भावनांची गोष्ट होती. दर कापला जाईल किंवा माणसे कमी होतील ही भीती कामगारांच्या अनुभवातून आलेली नव्हती. ही महामंदीची वर्षे होती. त्या कारखान्यातून माणसे घरी जात होती. खुद्द हा प्रयोग १९३२च्या मे महिन्यात बंद पडला तो काम उरले नाही म्हणून. कामगारांची भीती चूक होती असे सांगणाऱ्या प्रकरणाच्या शेवटी ती खरी ठरते, आणि निवेदकाला त्याची दाद नाही.

असे असले तरी ही शाखा म्हणजे मालकांची मोहिनीविद्या, असे म्हणून मोकळे होणे सोपे आणि चुकीचे आहे. लोरेन बॅरिट्झने १९६० साली या मंडळींना सत्तेचे चाकर ठरवणारे पुस्तक लिहिले. ते धारदार आहे, पण शाखेत नंतर झालेली एक उलथापालथ त्याच्या चौकटीत मावत नाही. उत्तर कॅरोलायनातल्या ड्यूक पॉवर कंपनीच्या वीजकेंद्रात कृष्णवर्णीयांना फक्त मजूरखात्यात घेत. नोकरीत वर्णभेदाला मनाई करणारा कायदा १९६५च्या २ जुलैला अमलात आला, त्याच दिवशी कंपनीने वरच्या खात्यांसाठी दोन तयार चाचण्या लागू केल्या. कामगार न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली एकमताने सांगितले की एखादी चाचणी एका समाजाला सरसकट बाहेर ठेवत असेल, तर तिचा त्या कामाशी संबंध आहे हे मालकाने सिद्ध करावे. हेतू वाईट नव्हता, एवढे म्हणून भागणार नाही.

म्युन्स्टरबर्गने दाराबाहेर ठेवलेला साध्याचा प्रश्न असा न्यायालयाच्या हाताने आत आला, आणि त्याने शास्त्राचे भले झाले. कामाचे काटेकोर विश्लेषण, चाचणी आणि प्रत्यक्ष कामगिरी यांची सांगड, सर्वांना तेच प्रश्न आणि तीच गुणपद्धती असलेली मुलाखत, यांना धार आली ती यानंतर. १९९८ साली श्मिट आणि हंटर यांनी कामगिरीचे भाकीत करण्यात बुद्धिमापनाला अग्रभागी ठेवले होते. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली तो हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा बुद्धिमापनाचा सहसंबंध ०.५१ वरून ०.३१ वर उतरला आणि आखीव मुलाखत ०.४२ सह पहिली आली. 'जरा स्वतःबद्दल सांगा' छापाची ऐसपैस मुलाखत ०.१९ वर आहे. स्वतःचे आवडते आकडे खाली आणण्याची ही तयारी मला या शाखेची सर्वांत आदरणीय गोष्ट वाटते. आपल्याकडच्या निवड समित्या मात्र अजूनही स्वतःबद्दल सांगायलाच लावतात.

भारताशी या शाखेचे नाते जुने आहे. कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला, त्याचे प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्ता हार्वर्डला म्युन्स्टरबर्गचेच विद्यार्थी. पण जगाच्या पाठ्यपुस्तकांत भारत येतो तो अहमदाबादमुळे. हे शहर तेव्हा मुंबई राज्यात होते. तिथे वस्त्रोद्योगाच्या संशोधनसंस्थेत, 'अटिरा'मध्ये, कमला चौधरी मानवी संबंधांचा विभाग चालवत होत्या. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस कॅलिको गिरणीत आले. स्वयंचलित मागांच्या खात्यात २२४ मागांवर २९ माणसे बारा प्रकारची कामे करत होती. कोण कोणाला बांधील, याचा मेळ नव्हता. ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी एका छोट्या गटाकडे द्यावी, अशी कल्पना राइस यांनी मांडली. ती खाली गेली आणि गटांची जुळवाजुळव कामगारांनी स्वतःच करून टाकली. सुरुवातीची डळमळ ओसरल्यावर उत्पादन वाढले, कापडाची खराबी घटली.

हॉथॉर्नच्या खोलीत जी गटशक्ती रोग ठरली होती, ती इथे औषध ठरली. राइस यांचा ग्रंथ रुक्ष आहे, आणि कामगाराचा आवाज त्यातही थेट ऐकू येत नाही. पण त्याची करणी ऐकू येते. एरिक मिलर यांनी १९७० साली पुन्हा पाहणी केली, तेव्हा साध्या मागांच्या एका खात्यात गटपद्धत बरीचशी शाबूत होती. मूळच्या स्वयंचलित खात्यातून ती जवळजवळ नाहीशी झाली होती. बाजाराचा ताण वाढला तसा वरच्यांनी गटाच्या कारभारात पुन्हा हात घातला होता. पाठ्यपुस्तके १९५३ सांगतात. १९७० सहसा सांगत नाहीत.

आज आपल्याकडे या विषयाची पदवी घेतलेला माणूस मानसशास्त्रज्ञ म्हणून क्वचितच नोकरीला लागतो. तो मनुष्यबळ विभागात जातो, सल्लागार कंपनीत चाचण्या बनवतो किंवा शिकवतो. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक मानसशास्त्राचा विभाग आहे, तो सरकारी अपवाद. चिकित्सक मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. कचेरीत माणसांच्या मनाचे मोजमाप करणाऱ्यावर तसे बंधन नाही. प्रश्नावलीतली उत्तरे कोण वाचणार, किती बारीक गटापर्यंत फोडून वाचणार, हे ठरवणारा तोच असतो आणि त्याला नेमणाराही तोच, ज्याच्याविषयी ती उत्तरे आहेत.

याच्या शेजारी १९४८च्या कारखाने कायद्याचे ४९वे कलम ठेवून पाहावे. पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे, असे ते २०२५ पर्यंत सांगत होते. त्याला नेमायचा कारखानदार, पगारही तोच द्यायचा. पण त्याची कर्तव्ये, पात्रता आणि सेवाशर्ती ठरवण्याचा अधिकार कायद्याने राज्य सरकारकडे ठेवला होता.