नाममुद्रा आणि उसना आवाज

कृत्रिम आवाजाने गाइलेल्या गीतांचा विचार वाङ्मयसमीक्षेने कशासाठी करावा, असा प्रश्न उपस्थित केला जाणे स्वाभाविक आहे. संगीताचे तंत्र हा आपला विषय नव्हे. परंतु कर्ता, आवाज आणि संहिता यांच्यातील जे नाते या गीतांनी उघडे केले, ते नांदेड-लातूरकडच्या अभ्यासकाला तरी परके वाटू नये.

१९६१ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन केली आणि कॅरल लॉकबॉम यांनी आयबीएम ७०४ या संगणकाकडून ‘डेझी बेल’ हे १८९२ चे गाणे गाऊन घेतले. साथीची रचना मॅक्स मॅथ्यूज यांची होती. १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात हाल हा संगणक निकामी केला जात असताना हेच गाणे गातो. यंत्राच्या गाण्याचा उगम आणि यंत्राच्या मरणाचे दृश्य अशा रीतीने एकमेकांत गुंतले. यामाहाचे ‘व्होकॅलॉइड’ हे सॉफ्टवेअर २००४ मध्ये बाजारात आले आणि ३१ ऑगस्ट २००७ रोजी सप्पोरोच्या क्रिप्टॉन फ्यूचर मीडिया या कंपनीने ‘हात्सुने मिकू’ हा आवाज विक्रीस आणला. फुजिता साकी या अभिनेत्रीच्या मुद्रित आवाजाचे सुटे ध्वनिखंड त्यात साठवलेले आहेत. रचनाकाराने चाल आणि अक्षरे भरावीत, सॉफ्टवेअरने खंड जोडून ती गावीत, अशी ही व्यवस्था. म्हणजे हा आवाज निव्वळ यांत्रिक नाही. तो उसना आहे, आणि ज्या देहातून तो आला त्या देहाने यातील एकही ओळ म्हटलेली नाही.

प्रारंभीच्या काही महिन्यांतील गीतांत हा आवाज स्वतःविषयीच बोलतो. इका या टोपणनावाच्या रचनाकाराचे सप्टेंबर २००७ मधील ‘मिकू मिकू नि शिते आगेरु’ हे गीत त्याचा ठळक नमुना. त्याच डिसेंबरात रियो याचे ‘मेल्ट’ आले. त्यात एका प्रेमात पडलेल्या मुलीचे साधे मनोगत आहे. यंत्राचा उल्लेखही नाही. आवाज विषय राहिला नाही, तो माध्यम झाला, असे या गीताविषयी सामान्यतः म्हटले जाते आणि ते खोटे नाही. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते या काळातील सर्वांत विचारार्ह रचना कॉस्मो याची ‘हात्सुने मिकू नो शोशित्सु’, म्हणजे मिकूचे नाहीसे होणे, ही आहे. मिनिटाला २४० ठोक्यांच्या लयीत शब्द असे धावतात की मानवी जिभेला ते जवळजवळ अशक्य ठरावेत. पुसला जाणारा आवाज पुसले जाण्यापूर्वी निरोप उरकू पाहतो. येथे वेग हा अलंकार नाही. वेग हाच आशय आहे. हालचे गाणे मंदावत थांबते, हे गाणे वेग वाढवत संपते, आणि या दुसऱ्या मरणाची करुणा अधिक खरी वाटते, कारण तिला माणसाची नक्कल करायची नाही.

अशा संहितेसमोर आपल्याकडील समीक्षक प्रथम रोलाँ बार्थकडे धावेल. (आपली ही सवय देशीवादाच्या एवढ्या चर्चेनंतरही सुटलेली नाही.) पण बार्थ येथे दोन्हीकडून ओढला जातो. ‘लेखकाचा मृत्यू’ हा १९६७ चा निबंध या गीतांना सहज लागू पडतो. आवाजाच्या पोतावरचा त्याचा १९७२ चा निबंध मात्र गाणाऱ्या देहाचा भाषेशी होणारा घर्षणबिंदू शोधतो. मिकूच्या आवाजात देह आहे, भाषा आहे, घर्षण नाही. या अडचणीतून बाहेर पडण्यास आपल्याच परंपरेतील नाममुद्रेची संकल्पना अधिक उपयोगी आहे.

गंगाखेडच्या जनाबाईच्या नावावरील अभंगांत नंतरच्या रचना मिसळल्या असाव्यात, हा पाठचिकित्सेचा जुना प्रश्न आहे. अशा रचनांना आपण प्रक्षिप्त म्हणतो. नांदेडला तर याहून गहन उदाहरण आहे. गुरू ग्रंथसाहिबात पहिल्या गुरूंनंतरच्या गुरूंच्या रचनांतही ‘नानक’ हीच मुद्रा येते. रचना कोणाची ते ‘महला’ या संख्यानिर्देशावरून कळते. तेथे हे मिश्रण नाही, ती घोषित व्यवस्था आहे. नामदेवांची ६१ पदे त्याच ग्रंथात त्यांच्या स्वतःच्या मुद्रेसह आहेत. १७०८ मध्ये नांदेड येथे गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरुपद दिले, असे शीख परंपरा मानते. एका श्रद्धाविश्वाची आणि एका विक्रीच्या वस्तूची तुलना येथे अभिप्रेत नाही. रचनेची तर्करीती तेवढी पाहावयाची आहे. तेथे कवी नाव अर्पण करतो; मिकूच्या गीतात रचनाकार आपले टोपणनाव राखतो आणि आवाज सर्वांचा एक असतो. परिणामी ‘प्रक्षिप्त’ ही कोटीच येथे कोसळते. ज्या मुद्रेला मूळ कवीच नाही, तिच्या नावावर खोटी रचना कशी करणार?

दुसरा मुद्दा छंदाचा. जपानी लिपीतील एक अक्षर म्हणजे एक मात्रा, आणि सॉफ्टवेअरची मूळ मांडणी एका अक्षराला एक स्वर अशी. मोठ्या अभंगाचे ६-६-६-४ हे अक्षरमान याला जवळचे आहे. बोलताना आपण ‘राम’ मधील अंत्य अ गिळतो. गाताना तो परत येतो आणि अक्षर पुरे मोजले जाते. मराठी गाणारे यंत्र घडवावयाचे तर त्याला बोली नव्हे, छंद शिकवावा लागेल. पण जात्यावरची ओवी तेथेही निसटेल. तिची लांबी अक्षरे ठरवीत नाहीत. खुंट्याचा फेरा आणि दळणारणीचा दम ती ठरवतात. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, तेव्हा पिठाच्या गिरणीने ते काम बऱ्याच घरांतून हलविले होते. आवाज उरला, त्याचे काम गेले. मिकूच्या आवाजाला काम नव्हतेच. श्वाससुद्धा रचनाकार हवा तेथे वेगळा ध्वनी म्हणून बसवितो.

अलीकडच्या आवाजनकलेशी या गीतांची गल्लत होऊ नये. फुजिता साकी यांनी आवाज ठरवून, या उपयोगासाठी दिला. २०२४ मध्ये अरिजित सिंग यांनी आपल्या आवाजाच्या विनासंमती नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिले. तेथे मूळ गायक आहे, म्हणून प्रक्षिप्तही आहे. वर मोडीत निघालेली कोटी कायद्याच्या दारातून परत येते, आणि पाठचिकित्सेला नवे काम मिळते.

कुरोउसा याचे २०११ मधील ‘सेन्बोन्झाकुरा’ हे मिकूचे गीत २०१५ च्या वर्षअखेरीस एनएचकेच्या ‘कोहाकु’ कार्यक्रमात एन्का गायिका कोबायाशी साचिको यांनी गायिले. संहिता तीच. फरक एवढाच की, जेथे यंत्राला थांबण्याची गरज नव्हती तेथे आता श्वासासाठी जागा काढावी लागते, आणि ती कोठे काढायची हे संहितेत लिहिलेले नाही.