होडीतून दिसणारी काशी

दिल्लीतील ज्या सरकारी वसाहतीत आमचे वास्तव्य आहे तिचे नाव लक्ष्मीबाई नगर. झाशीच्या राणीचे बालपणीचे नाव मणिकर्णिका; तिचे वडील मोरोपंत तांबे हे चिमाजी अप्पांच्या पदरी काशीत होते आणि तिचा जन्मही तेथलाच. जिचे नाव आपण रोज पत्त्यात लिहितो तिचे जन्मस्थान एकदा पाहावे, या हेतूने वसाहतीतील पाच-सहा मराठी कुटुंबांनी गेल्या हिवाळ्यात काशीस जाण्याचे ठरविले व आम्हीही त्यांत सामील झालो. प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा मानस नाही. तशी वर्णने मराठीत विपुल आहेत. परंतु मार्गदर्शक बरोबर घेऊन, होडीत बसून, अस्सीपासून पंचगंगेपर्यंत शहराच्या इमारती पाहण्याचा जो प्रघात तेथे पडला आहे, त्याचे परीक्षण मात्र अगत्याचे वाटते.

काशी होडीतूनच पाहिली पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. येथे गंगा उत्तरेकडे वाहते. वस्ती सारी पश्चिमेच्या उंच काठावर आणि समोर नुसती वाळू. त्यामुळे शहराने आपला दर्शनी भाग पूर्वेस, नदीकडे केला आहे. गल्लीत उभे राहिले असता वाड्याचा दरवाजा दिसतो, फार तर वरचा सज्जा. संपूर्ण वास्तू दृष्टीत मावत नाही. ती पाण्यावरून मावते. शिवाय या घाटांचा दगड चुनारचा. चुनार काशीच्या वरच्या अंगास असल्यामुळे तो याच प्रवाहातून खाली आला. दिल्लीकरांना या गोष्टीचे मोल विशेष कळावे. लाल किल्ल्यातील महाल यमुनेवर दृष्टी ठेवून बांधले होते. यमुना दूर सरकली आणि तटाखालून आता रस्ता जातो. शहाजहानने योजिलेले ते दर्शन आपणांस कायमचे दुर्लभ झाले. काशीत ते अद्याप शिल्लक आहे.

तथापि, आमच्या मार्गदर्शकाने दोन तासांत आम्हांस जे सांगितले ते इमारतींविषयी नव्हतेच. प्रत्येक घाटापाशी एका राजाचे नाव आणि एक चमत्कार, असा त्याच्या कथनाचा साचा होता. राजा घाटाचा ‘राजा’ म्हणजे कोण, हे त्याने सांगितले नाही. वस्तुतः हा घाट काशीत येऊन राहिलेल्या अमृतराव पेशव्यांशी निगडित आहे. दरभंगा घाटावरचा भव्य वाडा त्याने दरभंग्याच्या महाराजांचा म्हणून दाखविला. तो मूळचा नागपूरकरांचे दिवाण श्रीधर नारायण मुन्शी यांचा. दरभंगेकरांकडे तो पुढे गेला आणि आज तेथे हॉटेल आहे. पण ही चूक आम्ही किरकोळ समजतो. मालक बदलतात. खरी उणीव अशी की, वाडा असा का बांधला, हा प्रश्न त्या दोन तासांत एकदाही निघाला नाही.

उत्तर तर समोर भिंतीवरच होते. पाण्यालगतचा भाग उंचच उंच, भरीव आणि बहुतेक छिद्रहीन. खिडक्या, कमानी, छत्र्या यांना आरंभ होतो तो फार वर. पायऱ्यांच्या मधून अष्टकोनी बुरूज पुढे आलेले. प्रवाहाचा मारा सपाट अंगावर न घेता कोनांवर घेणारे. ही सारी रचना पुराची आहे. १९७८ च्या महापुरात येथे गंगा ७३.९ मीटरच्या पातळीपर्यंत चढली होती. धोक्याची रेषा ७१.२६ मीटरवर आहे. हिवाळ्यात आम्ही ज्या पायऱ्यांकडे मान वर करून पाहत होतो, त्यांतील बहुतेक दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात. म्हणजे वर्षातून एकदा नदीच्या स्वाधीन होऊन पुन्हा वर येणारी ही वास्तुकला आहे. एवढे एक वाक्य आरंभी कानी पडले असते, तर पुढचा प्रत्येक घाट आम्ही निराळ्या दृष्टीने पाहिला असता.

शिंदे घाटापाशी तर या उणिवेचा कळस झाला. कललेले रत्नेश्वराचे देऊळ दाखवून मार्गदर्शकाने आईचे ऋण फेडल्याची बढाई मारणाऱ्या पुत्राची आणि त्याला भोवलेल्या शापाची कथा रंगवून सांगितली. कथेला आमची हरकत नाही. लोकमानसाने कललेल्या देवळाचा लाविलेला तो अर्थ आहे व तो मनोहर आहे. परंतु शेजारीच बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला घाट आहे, आणि तोही आपल्याच भाराने खचला होता. त्याला कोणाचा शाप? एकाच काठावर एक देऊळ कलते, एक घाट खचतो, यावरून खालच्या भुसभुशीत भूमीविषयी आणि वर चढविलेल्या दगडाच्या ओझ्याविषयी जो विचार मनात यावा, तो त्या कथेने येऊ दिला नाही. बायजाबाईंची महत्त्वाकांक्षा आणि तिला नदीने दिलेला नकार, हे नाट्य शापकथेहून कमी नाही.

येथवर दोष दुसऱ्याचा सांगितला. आता स्वतःचा सांगणे प्राप्त आहे. भोसले घाट येताच मार्गदर्शकाने श्रोते मराठी असल्याचे ताडून, हा वाडा शिवाजी महाराजांचा, असे ठोकून दिले. आमच्या होडीत टाळ्यांचा गजर झाला. टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हीही होतो. घाट नागपूरकर भोसल्यांचा, अठराव्या शतकाच्या अखेरचा. नागपूरकर हे छत्रपतींचे सरदार, त्यांचे घराणे वेगळे. होडीतील निम्म्याहून अधिक मंडळींना हे ठाऊक होते. कचेरीतील टिपणात एका आकड्याची चूक खपवून न घेणारे आम्ही लोक तेथे गप्प राहिलो, कारण चूक आम्हांस सुखावणारी होती. प्रांतापासून दूर राहणाऱ्या माणसाला आपल्या नावाची भूक असते, हे आम्ही जाणतो. परंतु नाव ऐकून जो तृप्त होतो, तो वर मान करून भिंत पाहत नाही.

आणि भिंत पाहिली असती तर अभिमान नाहीसा झाला नसता, अधिक खरा झाला असता. वाईचा घाट आठवावा: काळा दगड, ठेंगणी, आडवी पसरलेली बांधणी, अंगणासारखी कृष्णा. तेथे १७६२ मध्ये गणपतराव रास्त्यांनी ढोल्या गणपतीचे देऊळ बांधविले, तेव्हा पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची केली. काशीत मराठी सरदारांनी वाई उचलून नेली नाही. त्यांनी तेथला दगड घेतला, तेथली उंची घेतली, तेथली धाटणी घेतली. परक्या नदीचा स्वभाव ओळखून तिच्या रीतीने बांधणे, हे आम्हांस या मराठी घाटांचे खरे वैशिष्ट्य वाटते. बदलीच्या गावी आयुष्य काढणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

हे कार्य अशक्य आहे असे नव्हे. अमेरिकेतील शिकागो येथे नदीतून इमारती दाखविणाऱ्या होडीवर शिकवून तयार केलेले स्वयंसेवक नागरिक बोलतात. सुमारे दीड तासात ते इमारतींची रचना आणि तिची कारणे उलगडून दाखवितात. ज्या नदीचा प्रवाहच १९०० मध्ये माणसांनी उलटा फिरविला, तिच्यावर जर हे घडते, तर गंगेवर का घडू नये? दिल्लीतील मराठी मंडळींनी घाटोघाटीच्या इमारतींची एक चाळीस पानांची पुस्तिका तयार करावी: कोणी बांधले हे एका ओळीत, आणि कसे व का बांधले हे उरलेल्या पानभर. मार्गदर्शकालाही तिची एक हिंदी प्रत द्यावी. तो कष्टाळू गृहस्थ होता. श्रोत्यांना जे आवडते तेच तो सांगत होता. श्रोत्यांनी आपली आवड बदलली, तर त्याचे कथनही बदलेल, असा आमचा विश्वास आहे.