मार्टिनचं बालपण भारतात गेलं होतं

आयटीत लीड व्हायची वेळ आली की कोणीतरी एक पुस्तक हमखास सुचवतं. कधी मॅनेजर, कधी एचआर, कधी लिंक्डइनवरचा एखादा उत्साही ओळखीचा. पॅट्रिक लेन्सिओनी यांचं 'द फाइव्ह डिसफंक्शन्स ऑफ अ टीम'. २००२ साली आलेलं हे पुस्तक कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये अजून ठाण मांडून बसलंय. मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा लीड झालो तेव्हा, कामाचं पुस्तक म्हणून. दुसऱ्यांदा यंदा, गोष्ट म्हणून. कारण ते स्वतःला गोष्टच म्हणवतं, उपशीर्षकातच 'अ लीडरशिप फेबल' असं लिहिलंय. फेबल म्हणजे बोधकथा. मग बोधकथेला जे प्रश्न विचारायचे तेच तिलाही विचारू. यात कोण बोलतं, कोण गप्प बसतं, आणि शेवटी कोणाचा बळी जातो?

गोष्ट साधी आहे. डिसिजनटेक ही हाफ मून बे नावाच्या समुद्रकाठच्या गावातली, सिलिकॉन व्हॅलीच्या हवेतली स्टार्टअप. पैसा भरपूर, तंत्रज्ञान प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सरस, तरी कंपनी मागे पडतेय. मग कॅथरीन पीटरसन या ५७ वर्षांच्या बाई सीईओ म्हणून येतात. बाई मोटारींच्या कारखान्यातून आलेल्या, नवरा बास्केटबॉलचा कोच. त्या वरिष्ठ मंडळींना नापा व्हॅलीत ऑफसाइटला नेतात आणि फळ्यावर त्रिकोण काढून टीमचे पाच रोग समजावतात. एकमेकांवर विश्वास नाही, म्हणून मोकळं भांडण नाही. भांडण नाही, म्हणून मनापासून होकार नाही. होकार नाही, म्हणून कोणी कोणाला जाब विचारत नाही. आणि जाब नाही, म्हणून सगळ्यांच्या मिळून होणाऱ्या कामाकडे कोणाचंच लक्ष नाही.

यातलं दुसरं निदान अगदी खरं आहे, हे आधीच कबूल करायला हवं. आपल्याकडे मीटिंगमध्ये कोणी भांडत नाही. डेडलाइन अशक्य आहे हे खोलीतल्या आठही जणांना माहीत असतं. आठही जण 'येस, वुई विल ट्राय' म्हणतात. खरी मीटिंग त्यानंतर टपरीवर भरते. तिथे कटिंग हातात आल्यावर आर्किटेक्चरपासून मॅनेजरच्या स्वभावापर्यंत सगळ्याची परखड समीक्षा होते, आणि ती बहुतेक वेळा बरोबर असते. लेन्सिओनींनी वाकडमधली टपरी पाहिलेली नसणार, पण टपरी का लागते हे त्यांना कळलंय. ज्या मीटिंगमध्ये वाद नाही ती कंटाळवाणी होणारच, हे त्यांचं म्हणणं वाचताना मी दोन्ही वेळा मान डोलावली.

आणखी एक गोष्ट त्यांना नेमकी दिसली आहे. कॅथरीन मंडळींना विचारते, तुमची पहिली टीम कोणती? तुम्ही ज्यांचे प्रमुख आहात ते लोक, की या टेबलाभोवती बसलेले आपण? तिला हवं असलेलं उत्तर अर्थातच दुसरं. मार्केटिंगच्या प्रमुखाने आधी या टेबलाचं हित पाहावं, मग मार्केटिंगचं. सीईओच्या खुर्चीतून हे पटण्यासारखं आहे. आता तेच वाक्य खालच्या मजल्यावर आणून बघा. तुमचा लीड अप्रेझलच्या दिवसांत बंद खोलीत इतर लीड्सबरोबर बसतो. बेल कर्व्हचे कप्पे भरायचे असतात आणि कोणालातरी तळाच्या कप्प्यात टाकावंच लागतं. त्या खोलीत तुमच्या लीडची पहिली टीम तुम्ही नाही. त्याने तुमच्यासाठी भांडावं अशी तुमची अपेक्षा, आणि पुस्तक त्याला सांगतं की आपल्याच खात्याची वकिली करत बसू नकोस. पुस्तकात हा पेच येतच नाही, कारण तिथे टीम म्हणजे फक्त वरचे लोक. कंपनीत दीडशे माणसं आहेत असं आपल्याला सांगितलं जातं. मुख्य पात्रं आठ. उरलेल्यांचं काय चाललंय, नवी बाई आल्यावर ते जेवणाच्या सुट्टीत काय बोलत होते, यावर गोष्ट जवळजवळ गप्प आहे.

पण माझं खरं भांडण पहिल्या पायरीशी आहे. विश्वासाशी.

नापामध्ये कॅथरीन एक खेळ घेते. प्रत्येकाने पाच साधी उत्तरं द्यायची. गाव कोणतं, भावंडं किती, लहानपणीचा छंद, वाढताना आलेली सगळ्यात मोठी अडचण आणि पहिली नोकरी. मग उत्तरं येतात. कार्लोस नऊ भावंडांत थोरला निघतो. मिकी ज्युलियार्डला बॅले शिकलेली असते. आणि तंत्रज्ञान सांभाळणाऱ्या मार्टिनचं बालपण बरंचसं भारतात गेलेलं असतं. सगळ्यांना गंमत वाटते, खोली सैलावते, एकमेकांची माणूस म्हणून ओळख झाली असं लेखक सांगतो. लेखकाच्या मते हे प्रश्न निरुपद्रवी आहेत. फार खासगी काही विचारलेलं नाही, हीच तर त्यांची खुबी.

मार्टिनला कोणी पुढे विचारत नाही की भारतात कुठे, कोणत्या घरात, कोणत्या शाळेत. विचारलं असतं तर या पाच प्रश्नांचं आपल्याकडे काय होतं याचा अंदाज कदाचित त्याने दिला असता.

गाव कोणतं? कोणत्या बाजूचे तुम्ही? अच्छा, मग तुमच्याकडे ते पाटील म्हणजे...? वडील काय करतात? आडनाव सांगून झाल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे अर्ध्या सेकंदाचं गणित चालतं, ते ज्यांच्याबाबत चालतं त्यांना बरोबर दिसतं. आपल्याकडे ही ओळख करून घेण्याची पद्धत नाही, ही छाननी आहे. लोक ती इतक्या प्रेमाने करतात की हरकत घेणाराच तुसडा ठरतो.

हाच खेळ आमच्या ऑफिसनेही मुळशीच्या एका रिसॉर्टवर घेतला होता. गोल करून खुर्च्या, मध्ये फॅसिलिटेटर, भिंतीवर चिकट नोट्स. माझ्या टीममधला एक जण होता, आमच्यातला सगळ्यात चांगला डिबगर. प्रॉडक्शन कोसळलं की रात्री दोन वाजता सगळे त्यालाच फोन करायचे आणि तो शांतपणे लॉग वाचत बसायचा. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, गाव पुणे, छंद क्रिकेट, अडचण विशेष अशी काही नाही. आम्ही दोन वर्षं एका फ्लॅटमध्ये राहत होतो, त्यामुळे यातलं एकही उत्तर खरं नाही हे मला माहीत होतं. हिंगोलीकडचं गाव, वसतिगृहातली वर्षं, ऊसतोडीला जाणारे आईवडील. फॅसिलिटेटर हसून म्हणाली, कमॉन, थोडं व्हल्नरेबल होऊ या ना! तो म्हणाला, क्रिकेट खरंच खूप आवडतं. पुढे त्याच्या अप्रेझलमध्ये 'टीमशी मोकळेपणाने मिसळत नाही' असा शेरा आला. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच्याकडे पाच पायऱ्यांचा त्रिकोण होता आणि हा माणूस पहिल्या पायरीवर बसत नव्हता, एवढंच.

हे आपल्या मातीपुरतं आहे असंही नाही. जून २०२०मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को कंपनी आणि तिथल्या दोन व्यवस्थापकांविरुद्ध जातिभेदाचा दावा दाखल केला. एका दलित इंजिनिअरच्या वरिष्ठाने तो आयआयटीत राखीव जागेवर आला होता हे सहकाऱ्यांना सांगितलं, आणि तक्रार केल्यावर त्याचं नुकसान केलं गेलं, असा आरोप होता. कंपनीने आरोप नाकारले. दोन व्यवस्थापकांवरचा दावा खात्याने २०२३मध्ये मागे घेतला, कंपनीवरचा चालू ठेवला. निकाल काय लागायचा तो लागो. मला त्यातलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. 'हा कुठून आला' ही माहिती त्या टीममध्ये निरुपद्रवी नव्हती, म्हणूनच ती कोर्टापर्यंत गेली. आणि हे घडलं ते लेन्सिओनींच्या गोष्टीच्याच परिसरात, समुद्रकाठच्या त्या गावापासून फार लांब नसलेल्या सॅन होजेत.

बोधकथा म्हटलं की आपल्याला पंचतंत्र आठवणार. त्याचं पहिलं तंत्र, मित्रभेद, खरंतर ऑफिसचीच गोष्ट आहे. राजा पिंगलक सिंह, बाहेरून येऊन त्याचा विश्वासू झालेला संजीवक बैल, आणि पद गेलेले दोन कोल्हे. दमनक सिंहाचे कान भरतो, मग बैलाचे भरतो, आणि बैल मारला जातो. विष्णुशर्मा हे राजपुत्रांना शिकवत होता, म्हणजे आजच्या भाषेत लीडरशिप ट्रेनिंगच. पण कोण कोणाला खाऊ शकतो हे त्याची गोष्ट क्षणभरही विसरत नाही. सिंहाने बैलाजवळ मन मोकळं केलं तर सिंहाचं फारसं काही जात नाही. बैलाचा जीव जातो. लेन्सिओनींच्या खोलीत मात्र कोणाला नखं नाहीत. सगळे गोलात सारख्याच उंचीच्या खुर्च्यांवर बसलेत. त्यांना फक्त एकदा मोकळं बोलायचंय.

बरं, नखं नसती तर मिकी गेली नसती. मिकी मार्केटिंगची प्रमुख, कामात हुशार, पण मीटिंगमध्ये डोळे फिरवणारी, तिरकस बोलणारी. कॅथरीन तिला काढून टाकते. गोष्टीत याला कॅथरीनचा धाडसी निर्णय म्हणून जागा आहे, आणि खरंच, अशा एका माणसापायी अख्खी टीम कशी कुढत राहते हे मी पाहिलंय. पण लेखकाने मिकीला एकही पान तिच्या बाजूने दिलेलं नाही. ती तशी का झाली, आधीच्या सीईओच्या काळात तिने काय सोसलं, काही नाही. ती डोळे फिरवते एवढाच तिचा स्वभाव. आणि मोकळं बोला, मोकळं बोला असं सांगणाऱ्या ऑफसाइट्सच्या मालिकेत एकीची खुर्ची रिकामी होते, तेव्हा उरलेल्यांच्या मोकळेपणात भीतीचा वाटा किती, हा प्रश्न कादंबरीकाराने सोडला नसता. सल्लागाराने सोडला. सेल्सचा प्रमुख आपणहून निघून जातो, त्याच्यावर तर गोष्ट रेंगाळतही नाही.

मार्टिनबद्दल आणखी एक. ऑफसाइटमध्ये तो लॅपटॉपवर टाइप करत बसतो आणि कॅथरीन त्याला टोकते. प्रसंग छान लिहिलाय, खोलीतला तणाव जाणवतो. पण तो काय टाइप करत होता, कंपनीचं प्रॉडक्ट नक्की काय करतं, त्यात काय मोडलंय, कोणत्या ग्राहकाचं काय अडलंय, हे पुस्तक संपलं तरी धड कळत नाही. डिसिजनटेकच्या जागी बिस्किटांचा कारखाना टाकला तरी गोष्टीचं काही बिघडणार नाही. हेच लेखकाला हवं होतं, म्हणजे बिस्किटवालेही पुस्तक घेतील. फ्रेड ब्रुक्सचं १९७५चं 'द मिथिकल मॅन-मंथ' याच्या अगदी उलट. आयबीएमचं ओएस/३६० करताना काय चुकलं हे तो माणूस स्वतःच्या नावावर घेऊन सांगतो, आणि त्याच्या पानांत काम दिसतं. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की आणखी उशीर होतो, हे तो माणसांच्या स्वभावावरून नाही, जोड्या मोजून सांगतो. १० जणांत ४५ जोड्या, २० जणांत १९०. त्याच्या टीममधले लोक एकमेकांशी बोलतात ते कशाबद्दल, हे तुम्हाला माहीत असतं.

आणि विश्वासाबद्दलच वाचायचं असेल तर एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात अमेरिकी रुग्णालयांत केलेलं काम आहे. औषध देण्यातल्या चुका चांगल्या टीममध्ये कमी असतील असं त्यांनी धरलं होतं. आकडे उलटे आले. ज्या टीम चांगल्या चालत होत्या तिथे चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. पुढे त्यांच्या ध्यानात आलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. नर्सला आपली चूक सांगायची भीती नव्हती. १९९९च्या निबंधात त्यांनी याच गुणाला 'सायकॉलॉजिकल सेफ्टी' म्हटलं आणि त्यावर सविस्तर लिहिलं. पुढे गूगलने आपल्या टीम तपासल्या तेव्हाही हाच शब्द वर आला आणि तिथून तो आमच्या स्लाइड्सवर उतरला. यात नर्सचं गाव कोणी विचारलेलं नाही. 'हा डोस चुकला' असं म्हटल्यावर पुढच्या दहा मिनिटांत मुख्य नर्सच्या तोंडून काय निघतं, एवढ्यावर सगळं अवलंबून आहे. लेन्सिओनींच्या त्रिकोणात आधी माणूस उघडा होतो, मग काम. इथे क्रम निराळा आहे. आधी वरच्या माणसाला आपण चूक सहन करू शकतो हे दाखवावं लागतं, तेही रोज, कामात. खालच्याने काय सांगायचं आणि काय स्वतःपाशी ठेवायचं हे मग तो ठरवेल.

आमच्या त्या डिबगरवर टीमचा विश्वास होताच. रात्री दोनच्या फोनवर होता. त्या फोनसाठी अप्रेझलच्या फॉर्ममध्ये कप्पा नव्हता.

पुस्तक हातात पडलंच तर वाचायला हरकत नाही, दोन संध्याकाळींत संपतं. वादांविषयीचा भाग मन लावून वाचा, पहिल्या टीमचा भागही वाचा, आणि वाचताना आपण त्या टेबलाभोवती बसलोय की उरलेल्या दीडशेत आहोत ते बघा. मागे जोडलेली प्रश्नावली भरायला कोणी सांगितलं, तर आधी एकच विचारून घ्या, ही उत्तरं कोण वाचणार आहे.