पुसलेली पाटी आणि उरलेली वही

कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरील घरात श्रीनिवास रामानुजन पाटीवर गणित मांडीत, हाती आलेला निष्कर्ष तेवढा वहीत उतरवीत आणि पाटी कोपराने पुसून टाकीत. चरित्रकार हा तपशील दारिद्र्याची खूण म्हणून नोंदवतात. कागद महाग होता, हे खरेच. परंतु वहीकडे संहिता म्हणून पाहिल्यास या तपशिलाला निराळे महत्त्व येते.

तात्कालिक स्मृतीत एका वेळी साताच्या आसपास घटक राहतात, असे जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडले; नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये ही मर्यादा चारापर्यंत खाली आणली. लांबलचक सिद्धता एवढ्या जागेत मावत नाही. पाटी स्मृतीला जोड देते. मात्र पाटीही भरते, आणि काय राखावे, काय पुसावे हा निर्णय अटळ होतो. रामानुजनांनी निष्कर्ष राखला, वाट पुसली. त्यांच्यासमोर नमुनाही तसाच होता : १९०३ च्या सुमारास हाती आलेल्या कार यांच्या ग्रंथात हजारो सिद्धान्त त्रोटक उपपत्तीसह ओळीने मांडलेले आहेत.

मराठीत याला जवळचे उदाहरण महानुभावांच्या सूत्रपाठाचे आहे. केशोबासांनी चक्रधरांची वचने लीळांतून वेगळी काढली. सुटे वचन पाठांतराला सोयीचे झाले, पण ते कोणाला, कोणत्या प्रसंगी सांगितले हे त्यापासून सुटले. म्हणून पुढे ‘प्रकरणवश’ रचावे लागले. रामानुजनांच्या वह्यांना असे प्रकरण फार उशिरा लाभले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ मध्ये त्यांची छायाप्रत काढली. ब्रूस बर्न्ट यांचे पाच खंड १९८५ ते १९९८ या काळात आले. अर्थात हे साम्य पूर्ण नव्हे. प्रकरणवशकारांपाशी परंपरेने जपलेले प्रसंग होते, बर्न्ट यांना वाट नव्याने शोधावी लागली. ती रामानुजनांचीच होती, असे म्हणता येत नाही.

संहितेतील हे मौन चरित्रपर लेखन नामगिरी देवीच्या साक्षात्काराने भरून काढते. रामानुजनांची श्रद्धा निर्विवाद आहे; पण पानावर नसलेली युक्ती मनातही नव्हती, असे मानणे हा वाचनाचा दोष होय. सिद्धता त्यांच्यापाशी होत्या, त्या उतरवल्या गेल्या नाहीत, असे बर्न्ट यांचे मत आहे. मूळ संख्यांविषयीची त्यांची काही विधाने चुकीची ठरली. तर्क कोठे घसरला, हे मात्र वहीवरून सांगता येत नाही. १९१३ मध्ये हार्डी यांनी सिद्धतांचा आग्रह धरला, तोही नेमक्या याच जागी.