क्लॅरेंडनचें एजहिल-वर्णन

लढाईची हकीकत लिहिणें आणि लढाईचा न्याय करणें हीं दोन निराळीं कामें आहेत. एकच लेखक तीं दोन्ही करूं लागला म्हणजे वाचकानें सावध राहिलें पाहिजे. इंग्लंडांत राजा आणि पार्लमेंट यांच्यांत जें यादवी युद्ध झालें, त्याचा इतिहास एडवर्ड हाइड, म्हणजे अर्ल ऑफ क्लॅरेंडन, यानें लिहिला. त्याची गणना इंग्रजी गद्याच्या अभिजात ग्रंथांत होते, आणि ती योग्यच आहे. तथापि त्यांतील एजहिलच्या लढाईचा भाग वाचतांना आम्हांस दर वेळीं एक उणीव जाणवत आली आहे. ती शैलीची नव्हे किंवा माहितीचीहि नव्हे. ती एका माणसाची उणीव आहे.

प्रथम प्रसंग थोडक्यांत सांगूं. २२ ऑगस्ट १६४२ रोजीं पहिल्या चार्ल्स राजानें नॉटिंगहॅम येथें आपलें निशाण उभारलें. पुढें तो लंडनच्या रोखानें निघाला असतां रविवारीं, २३ ऑक्टोबर रोजीं, वॉरिकशायरमधील एजहिल टेकडीच्या पायथ्याशीं पार्लमेंटचा सेनापति अर्ल ऑफ एसेक्स याच्याशीं त्याची गांठ पडली. दोन्ही बाजूंस सुमारें १४ ते १५ हजार माणूस होतें. राजाचा भाचा प्रिन्स रूपर्ट हा त्या वेळीं २२ वर्षांचा होता. त्याच्या घोडदळानें समोरची फळी एका धडकेंत फोडली आणि पळणाऱ्यांचा पाठलाग करीत तें थेट काइन्टन गांवापर्यंत गेलें. राखीव स्वारहि मोह न आवरून त्यांच्या मागें धांवले. राजाचें पायदळ उघडें पडलें, आणि त्यावर बॅल्फोर व स्टेपलटन यांनीं घोडे घातले. निशाणबरदार सर एडमंड व्हर्नी मारला गेला व राजाचें निशाण शत्रूच्या हातीं पडलें. कॅप्टन जॉन स्मिथ यानें तें परत आणलें. अंधार पडला आणि कोणाचाच निर्णायक जय न होतां लढाई थांबली. एसेक्स वॉरिककडे हटला, राजा ऑक्सफर्डला गेला. लंडनची वाट त्यास मोकळी झाल्यासारखी दिसली खरी, पण नोव्हेंबरांत टर्नहॅम ग्रीनपाशीं ती पुन्हां अडली.

क्लॅरेंडन त्या दिवशीं एजहिलला हजर होता. अर्थात् लढवय्या म्हणून नव्हे. त्याच्या वर्णनाचे गुण मोकळ्या मनानें मान्य केले पाहिजेत. आपल्याच पक्षाच्या घोडदळाच्या उतावळेपणामुळें हातचा जय निसटला, हें तो लपवीत नाहीं. सर फेथफुल फोर्टेस्क्यू हा ऐन लढाईंत आपल्या स्वारांसह राजाकडे आला. पण अंगावरचे नारिंगी पट्टे टाकून देण्याचें कांहीं जणांना भान राहिलें नाहीं, आणि ते नव्या मित्रांच्याच हातून मेले. एकाच भाषेच्या व एकाच धर्माच्या माणसांनीं एकमेकांस केवळ पट्ट्याच्या रंगावरून ओळखावें, यांत यादवी युद्धाचें सारें दुर्दैव आलें. अर्ल ऑफ लिंडसे घायाळ होऊन पडला तेव्हां त्याचा मुलगा बापाजवळ राहतां यावें म्हणून शत्रूच्या स्वाधीन झाला, तो प्रसंगहि असाच हृदयास भिडतो.

पक्षपात मात्र आंकड्यांत डोकावतो. मेलेल्यांची संख्या ५,००० हून अधिक होती व त्यांतील दोन हिस्से पार्लमेंटचे आणि एक हिस्सा राजाचा होता, असें तो लिहितो. आजचे अभ्यासक हा आंकडा १,००० ते १,५०० च्या आसपास धरतात. परंतु आंकड्याची चूक दुसऱ्या पुस्तकावरून दुरुस्त करतां येते. जें पान लेखकानें स्वतःच बाजूस ठेवलें, त्याची गोष्ट वेगळी आहे.

तें पान सर एडमंड व्हर्नीचें. इतिहासांत त्याच्या वांट्यास निशाण हातीं असतां आलेला मृत्यु व थोडी स्तुति एवढेंच आलें आहे. पण हाच क्लॅरेंडन आपल्या आत्मचरित्रांत या गृहस्थाशीं झालेलें एक संभाषण सांगतो. युद्धाच्या आरंभीं त्यानें व्हर्नीस म्हटलें कीं, लोकांना धीर यावा म्हणून तुम्ही तरी चेहरा प्रसन्न ठेवा. व्हर्नीनें जें उत्तर दिलें त्याचा आशय असा: तुम्हांस राजाची बाजू न्याय्य वाटते, म्हणून तुम्ही निश्चिंत आहां. मला हें भांडणच पसंत नाहीं; राजानें पार्लमेंटचें ऐकावें असें मला मनापासून वाटतें, आणि ज्या बिशपांसाठीं हें चाललें आहे त्यांच्याविषयीं मला आदर नाहीं. पण जवळजवळ तीस वर्षें मीं त्याचें अन्न खाल्लें आहे. आतां त्याला सोडण्याचा नीचपणा माझ्यानें होणार नाहीं. यांत माझा प्राण जाणार हेंहि मी जाणतों.

हें संभाषण इतिहासांत कां नसावें? प्रत्येक बोलणें ग्रंथांत घालतां येत नाहीं, असें कोणी म्हणेल. पण लिंडसे पितापुत्रांना जागा मिळाली आहे. शिवाय ग्रंथाची घडण पाहिली तर हें उत्तर अपुरें पडतें. इतिहासाचा आरंभ क्लॅरेंडननें १६४६ मध्यें सिली बेटांत केला. पुढें १६६७ नंतरच्या हद्दपारींत, फ्रान्समध्यें, त्यानें आत्मचरित्र लिहिलें आणि त्यांतील पुष्कळ मजकूर जुन्या इतिहासांत मिसळून तो ग्रंथ पुरा केला. म्हणजे काय घ्यावें आणि काय मागें ठेवावें, ही निवड त्याच्याच हातची होती. इतिहास १७०२ ते १७०४ मध्यें छापून निघाला. मुलांच्या माहितीसाठीं म्हणून लिहिलेलें आत्मचरित्र १७५९ मध्यें आलें, आणि व्हर्नीचे शब्द त्यांत राहिले.

क्लॅरेंडनला दुःखी मनाच्या योद्ध्याचें चित्र काढतां येत नव्हतें असें मुळींच नाहीं. १६४३ मध्यें न्यूबरीला पडलेला त्याचा मित्र लॉर्ड फॉकलंड याचें शब्दचित्र हें तर त्या इतिहासाचें भूषण आहे. पण फॉकलंडचें दुःख युद्धाविषयींचें आहे. त्यानें राजपक्षाच्या दाव्यास धक्का बसत नाहीं. व्हर्नीचा प्रश्न त्या दाव्याच्या मुळाशींच जातो. राजाचें निशाण ज्याच्या हातीं, त्यालाच जर राजाचें म्हणणें पटत नव्हतें, तर त्या निशाणाखालीं उभ्या राहिलेल्या सर्वांना राजपक्षाच्या न्याय्यतेचे साक्षीदार कसें मानावें? पक्षाची कैफियत मांडणाऱ्या इतिहासकाराला ही साक्ष अडचणीची होती, असा आमचा तर्क आहे. मुलांसाठीं लिहितांना ती अडचण उरली नाहीं.

खाल्ल्या मिठाला जागावें, हें आपण आपल्या घरांतून मुलांना मोठ्या कौतुकानें शिकवितों. त्या सद्गुणाची किंमत काय पडते, हें व्हर्नीच्या गोष्टींत दिसतें. सदसद्विवेक एका बाजूस आणि कृतज्ञता दुसऱ्या बाजूस असतां त्यानें कृतज्ञता निवडली. त्याचा थोरला मुलगा राल्फ मात्र पार्लमेंटच्या बाजूस राहिला. दोघांपैकीं कोणासहि निमकहराम किंवा अविवेकी म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. हा पेंच क्लॅरेंडनच्या एजहिलांत आला असता, तर त्याच्या पक्षाची बाजू थोडी लंगडी झाली असती. पण तें वर्णन याहून खरें झालें असतें. म्हणून हा इतिहास हातीं घेणाऱ्या वाचकांस आमची एवढीच सूचना आहे कीं, एजहिलची पानें संपतांच तो मिटून ठेवावा, आत्मचरित्र उघडावें, व्हर्नीचें उत्तर वाचावें, आणि मगच पुढें जावें.