मुद्दल कोण मोडतंय? कुमारप्पा आज वाचताना

व्याजावर खावं, मुद्दल मोडू नये. आपल्या घराघरांत ऐकू येणारा हा सल्ला जे. सी. कुमारप्पांनी अख्ख्या देशाच्या शेतीला आणि उद्योगांना लावून पाहिला. त्यांचं ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक १९४५ सालचं. गांधीवादी पुस्तक म्हटलं की आपल्याला आधीच जांभई येते. पण हे पुस्तक मला उपदेशापेक्षा खातेवहीसारखं वाटलं, आणि तेच त्याचं बळ आहे.

कुमारप्पा मूळचे हिशेबनीसच. तंजावरचा जन्म, लंडनला हिशेबतपासणीचं शिक्षण, पुढे कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि ते वर्ध्याच्या मगनवाडीत आले. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. त्या प्रांताच्या सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते, आणि समितीने ६०६ गावं पाहिली. नंतर जबलपूरच्या तुरुंगात असताना त्यांनी हे पुस्तक लिहिलं. म्हणजे त्यातलं गाव पुस्तकातून पुस्तकात आलेलं नाही. ते आपल्याच भागात हिंडून, नोंदी करून आलेलं आहे.

पुस्तकाचा कणा एका साध्या फरकावर उभा आहे. कोळसा, तेल, खनिजं हा साठा. वापरला की संपतो, आणि साठ्यासाठी भांडणं, लढाया होतात. वाहतं पाणी, वाढतं झाड ही चालू मिळकत. ती जपून घेतली तर पुन्हा मिळत राहते. ‘नवीकरणीय ऊर्जा’ हा शब्द आपल्या तोंडी रुळण्याच्या कितीतरी आधीचा हा विचार आहे. आणि तो नुसता कागदावर नव्हता. मगनवाडीत रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप तयार झाला, कमी धुराची मगनचूल तयार झाली. आज नागपूरकराने हे वाचताना जरा थांबावं. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय आपल्या शहरात आहे, कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं शहराला लागून आहेत. कुमारप्पांच्या भाषेत आपलं शहर मुद्दलावर जगतं.

शेतीवरची प्रकरणं मला सगळ्यात धारदार वाटली. गिरणीला लांब धाग्याचा कापूस लागतो, चरख्याला आखूड धाग्याचा चालतो. तेव्हा शेतात काय पेरायचं हे शेतकऱ्याच्या गरजेवरून ठरत नाही, यंत्राच्या गरजेवरून ठरतं, असं ते दाखवतात. देशी कपाशी मागे सरली, २००२ नंतर बीटी आलं, बियाणं दरवर्षी विकत घ्यायची सवय लागली. विदर्भाची ही कहाणी त्यांनी पाहिली नाही. पण तिचं व्याकरण त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं.

आता जिथे पुस्तक लंगडतं तिथे येऊ. कुमारप्पा निसर्गातल्या अर्थव्यवस्थांच्या पायऱ्या मांडतात. तळाशी परजीवी वाघ, मग लुटारू माकड, वर मधमाश्यांचा समूह आणि सगळ्यात वर पिलांना भरवणारी पक्षीण. ताडोबा-पेंचच्या भागात राहणाऱ्याला वाघाला परजीवी म्हणणं पटणं कठीण. वाघ आहे म्हणून चरणाऱ्या जनावरांवर वचक आहे, आणि म्हणून जंगल आहे. पण माझा खरा आक्षेप पक्षिणीवर आहे. मोबदल्याविना केलेली सेवा सर्वोच्च ठरवली, की ती कोण करतं हा प्रश्न गळून पडतो. विदर्भात निंदणाला आणि कापूस वेचायला बायाच असतात, आणि सातबाऱ्यावर नाव बहुतेक वेळा पुरुषाचं असतं. त्या श्रमाला ‘सेवा’ म्हणून गौरवायचं की मजुरी म्हणून मोजायचं? इतका काटेकोर हिशेबनीस इथे मोजायचं थांबतो.

म्हणून हे पुस्तक जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’शेजारी ठेवून वाचावं असं मी म्हणेन. १८८३ च्या त्या पुस्तकात शेतसारा आहे, गुरांचं चरणं बंद करणारं जंगलखातं आहे, पण प्रत्येक वेळी लुटणारा कोण आणि लुटला जाणारा कोण, हे नाव घेऊन सांगितलेलं आहे. कुमारप्पांच्या गावात जात जवळपास दिसत नाही. फुल्यांच्या गावात तिच्याशिवाय पानही हलत नाही. टिकाऊ शेतीचं बोलताना आपल्याला दोन्ही लागतात: काय संपतंय याचा हिशेब, आणि ते कोणाच्या ताटातून जातंय याचाही.

हे सगळं जुनं म्हणून सोडून देता येत नाही, कारण आज सौरपंप आले आहेत. २०१९ ची कुसुम योजना, २०२४ ची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’. रात्री-अपरात्री वीज येण्याची वाट पाहत अंधारात, सापा-विंचवांत जाणं टळतं, ही सुटका मोठी आहे आणि तिला नाकं मुरडणं हा शहरी चोचला आहे. पण कुमारप्पांचा फरक इथे लावून पाहा. ऊन ही चालू मिळकत आहे. बोअरवेलचं खोल पाणी मात्र साठा आहे, भरायला वर्षं लागणारा. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात बोअर किती खोल गेल्या ते तिथल्या कोणालाही विचारा. डिझेलचा खर्च होता तेव्हा पंप बंद करायला एक कारण होतं. फुकटच्या उन्हाला ते कारण नाही. म्हणजे व्याजाच्या जोरावर आपण मुद्दल उपसू शकतो. ही शक्यता कुमारप्पांनी मांडली नव्हती, पण ती ओळखायचे शब्द त्यांच्याच वहीत सापडतात.

पुस्तक लहान आहे, इंग्रजी सोपं आहे, स्कॅन केलेली प्रत मोबाइलवर वाचता येते. पक्ष्या-प्राण्यांच्या पायऱ्या भरभर ओलांडल्या तरी चालेल. पिकांवरची प्रकरणं मात्र सावकाश वाचा, आणि वाचताना गावाकडे कोणाचं शेत असेल तर एक फोन करून विचारा: यंदा विहिरीला पाणी कितीवर आहे?